फाटकावरची दोन अक्षरे

ज्या माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षे शाळेत मराठी व संस्कृत शिकविण्यात आणि शाळेबाहेरचा सारा वेळ इतरांच्या घरांच्या नावांना नावे ठेवण्यात घालविला, त्याने सेवानिवृत्तीनंतर स्वतः एक घर विकत घ्यावे आणि त्या घराला एकच, परंतु निर्दोष, नाव ठेवण्याची पाळी त्याच्यावर यावी, यात दैवाने सूड साधला की पंचक्रोशीतल्या घरमालकांच्या तळतळाटाने, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.

आमचे गुरुजी कुंभार पिंपळगावच्या रस्त्याने निघाले की त्यांची दृष्टी माणसांवर नसे, फाटकांवर असे. 'मातृछाया' दिसली की ते थांबत, आणि ऱ्हस्व स्वरापुढे छकार आला असता मध्ये चकाराचा आगम होतो, सबब 'मातृच्छाया' असेच लिहिले पाहिजे, हे घरमालकास बाहेर बोलावून भर उन्हात समजावून देत. 'आर्शिवाद' ही पाटी तर महाराष्ट्रात कोठेही, अगदी नव्या रंगाच्या भिंतीवरही, भेटते. ती पाहिली की, ज्या घराचा रफार जागेवर नाही त्या घरात आशीर्वाद तरी कसा टिकावा, असा प्रश्न ते पत्नीला विचारीत. काकू मुकाट्याने पुढे चालत.

घराचा व्यवहार मात्र गुरुजींनी तडफेने केला. इसार दिला, मुद्रांक घेतला, खरेदीखत नोंदविले, ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये नाव चढविले. दस्तऐवजात चतुःसीमा होत्या, लांबीरुंदी होती, पत्र्याच्या शेडचा व कडुनिंबाच्या झाडाचाही उल्लेख होता. नव्हते ते फक्त घराला नाव. त्या जागी पूर्वी पिठाची गिरणी होती. ती बंद पडून बरीच वर्षे लोटली, पट्टा गेला, जाते गेले, मोटार भंगारात गेली. तरी पावसाळी हवेत मागच्या खोलीच्या भिंतींना ज्वारीच्या पिठाचा वास येतो, आणि खरे सांगायचे तर त्या घरात मला सर्वांत आवडते ते हेच.

खरी अडचण फाटकाची होती. पूर्वीच्या मालकाने आपल्या नावाची व आडनावाची आद्याक्षरे, 'ग. घ.' अशी, वीतभर उंचीची, लोखंडी सळई वाकवून मधोमध जोडून घेतली होती. ती काढायची तर फाटकच कापावे लागेल, असे वेल्डिंगवाल्याने सांगितले आणि कापण्याची मजुरीही सांगितली. मजुरी ऐकताच गुरुजींना इतिहास आठवला. ज्या निजामाच्या राज्यात आमचा मुलूख १९४८ पर्यंत होता, त्या मीर उस्मान अली खानानेही हैदराबादेत कमाल खान नावाच्या उमरावाची कोठी विकत घेतली, तेव्हा तिच्या दारांखिडक्यांवर जुन्या मालकाची इंग्रजी आद्याक्षरे कोरलेली होती. ती खोडण्याऐवजी त्याच अक्षरांत बसेल असे 'किंग कोठी' हे नाव वास्तूला देण्यात आले, असे सांगतात. साक्षात निजामाने जे केले ते करण्यात निवृत्त शिक्षकाला कमीपणा कसला? नाव दोन शब्दांचे हवे, पहिला गकारादी, दुसरा घकारादी, एवढाच प्रश्न उरला. आणि पुढे चार महिने तो उरलाच.

प्रथम 'गोदाघाट' सुचले. गोदावरी आमच्या जिल्ह्याची दक्षिण सीमा असल्याने त्याला भूगोलाचा आधार होता. काकू म्हणाल्या, "दारापुढं नाली, अन् नाव घाट! भाऊ, तुम्हीच सांगा यांना. नाव कवाबी ठेवता येतंय, आधी मोरीचं पाणी कुठं मुरायलंय ते बघा म्हणावं." मग कुंभारांच्या गावाला साजेसे म्हणून 'गुणघट' निघाले. ते आठ दिवस टिकले, नवव्या दिवशी एका माजी विद्यार्थ्याने अत्यंत नम्रपणे विचारले, "गुरुजी, घट म्हणजे मडकं, का घट म्हणजे तूट?" गुणांची तूट या विषयावर त्या विद्यार्थ्याचा अधिकार गुरुजींनीच त्याला वर्षानुवर्षे प्रदान केला होता. 'गीतघोष' हे नाव जालन्याच्या पाथरवटापर्यंत पोहोचले. पण तो अक्षरागणिक पैसे घेत असल्याने जोडाक्षर एक धरावे की दोन, यावर बोलणी फिसकटली. वास्तविक 'गीतघोष'मध्ये जोडाक्षर नव्हतेच; गुरुजी तत्त्वासाठी भांडले.

मी एकदा म्हटले की डॉ. आंबेडकरांनी दादरच्या वास्तूला मगधाच्या प्राचीन राजधानीचे 'राजगृह' हे नाव दिले, तसे काही भारदस्त पाहावे. ते म्हणाले, "त्या नावामागे हजारो ग्रंथ उभे होते. माझ्यामागे काय आहे? पत्र्याचं शेड." मग थोडे थांबून त्यांनी जांबेचा विषय काढला. याच घनसावंगी तालुक्यात १६०८ साली जन्मलेला नारायण परंपरेनुसार 'सावधान' हा शब्द कानी पडताच बोहल्यावरून निघून गेला. त्याचे रामदास झाले, गावाचे जांब समर्थ झाले, घराचे देऊळ झाले आणि यांपैकी कशासाठीही कोणी पाटी करावयास दिली नव्हती. "पण त्यासाठी घर सोडावं लागतं," गुरुजी म्हणाले, "अन् मी तर आत्ताच घेतलंय."

अखेर वास्तुशांतीचा दिवस नावाविनाच उजाडला. पत्रिकेत 'आमच्या नूतन वास्तूत' एवढेच छापले होते, त्यामुळे पाहुणे बसस्थानकावर उतरून पिंपळगावात नूतन वास्तू शोधीत हिंडत होते. दुपारी तिसरी-चौथीतला एक मुलगा चार पाहुण्यांना रांगेने घेऊन आला. फाटकाशी थांबून त्याने अक्षरांवर बोट ठेवले आणि शाळेत वाचतात तसे मोठ्याने वाचले, "ग... घ... गिरणीचं घर! हेच हाय."

मी गुरुजींकडे पाहिले. ते क्षणभर फाटकाकडे, मग मुलाकडे, मग पुन्हा फाटकाकडे पाहत राहिले; पुढे झाले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळ, बोलताना चालेल. लिहिताना 'गिरणीचे' लिहावे."