दातांना कल्हई

तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेला खेटून असलेल्या बपेऱ्यात एक काकाजी राहतात असं समजू. समजायला हरकत नाही. असे काकाजी गावोगाव असतात. ढेरी उतरावी म्हणून ते पहाटे कोमट पाण्यात अख्खं लिंबू पिळून पितात. दुपारी अंबाडीची भाजी, उन्हाळ्यात पन्हं, पाहुणा आला की थंड्याची बाटली. ढेरी जिथल्या तिथे आहे. झिजतात ते दात.

लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३, कोल्ड्रिंकचाही जवळपास तेवढाच. आणि साधारण ५.५ च्या खाली दातावरचं एनॅमल विरघळू लागतं. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. पण त्यात जिवंत पेशी नाहीत, म्हणून मोडलेलं हाड जुळतं तसं ते पुन्हा येत नाही. ताकही आंबटच, मात्र त्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दातांना सांभाळून घेतं. लिंबाकडे ही सोय नाही.

काकाजींचा खरा पराक्रम पुढेच. लिंबूपाणी संपताच ते कडक ब्रश घेऊन दातांवर तुटून पडतात, जुनं वैर असल्यासारखे. आम्लाने मऊ पडलेला थर नेमका तेव्हाच खरवडून निघतो. साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि ब्रशला थोडं थांबवावं, हा बिनपैशाचा उपाय त्यांना कमीपणाचा वाटतो.

मग चहाचा घोटही सणकतो आणि घरात माउथवॉश येतो. तोही झणझणीत. "झोंबला नाही त् मंग औषध कायचा बाप्पा?" हा त्यांचा सिद्धान्त. लिस्टरीन १८७९ साली अमेरिकेत जन्मलं ते शस्त्रक्रियेतलं जंतुनाशक म्हणून, हे कळलं तर काकाजी आणखीच खूश होतील. पण झोंबणं जंतूंच्या खात्यातलं. आम्लाशी त्याचा संबंध नाही. उलट काही माउथवॉश स्वतःच आम्लधर्मी असतात.

आम्लापुढे त्यातल्या त्यात बरा टिकाव धरते ती कथलाची, म्हणजे टिनाची, संयुगं आणि फ्लोराइड असलेली चूळ. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडारा जिल्ह्यात हे समजावायला डॉक्टर कशाला हवा? बिनकल्हईच्या पातेल्यात चिंचेचं सार कळकतं, म्हणून आत कथलाचा हात फिरवतात. इथेही कथील दाताच्या पृष्ठभागावर बसतं आणि आम्लाला अडवतं. फरक इतकाच की कल्हईने पातेलं लखलखतं, दातांवर मात्र या चुळीने कधीकधी तपकिरी डाग पडतात. लग्नसराईत फोटो काढायचे असले तर विचार करावा.

साधी फ्लोराइडची चूळही थोडीफार मदत करते, फक्त ती थुंकायची असते. ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडच्या चुळीत लिटरमागे सुमारे २२५ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. पिण्याच्या पाण्यात १.५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर विहिरीवर धोक्याची पाटी लागते. चंद्रपूर-यवतमाळकडच्या कितीतरी गावांनी ते पाणी पिऊन दातांवर डाग आणि हाडांचं दुखणं भोगलं आहे. पैसे मोजून आणलेलं थुंकायचं, हे काही काकाजींना पटत नाही.

तरी एकदाचे ते तुमसरच्या औषधाच्या दुकानात गेले आणि टिनवालं माउथवॉश मागू लागले. दुकानदाराने फळीवरून नजर फिरवली.

"टिनाच्या डब्यात नाही येत, काकाजी. प्लास्टिकच्याच बाटलीत येते."