एका आकड्याची बदली

गडचिरोलीला बदली म्हणजे शिक्षा, हे मंत्रालयातल्या शिपायालाही ठाऊक आहे. ती टाळायला लोक आजारी पडतात, आईवडिलांना आजारी पाडतात, आमदारांचं पत्र आणतात. पण एका माणसानं कसलाही अर्ज न करता, आलापल्लीच्या पुढे पाऊलही न टाकता वर्षभर इथं नोकरी केली. त्याला डास चावला नाही की हिवताप झाला नाही. तो कोण, कुठला, मला आजही माहीत नाही. माझ्या पॅनमधला एक आकडा चुकला आणि तो माझ्या जागी रुजू झाला, एवढंच.

त्या वर्षी पगार काढणाऱ्या बाबूनं माझ्या गृहकर्जाचा कागद टेबलाखाली ठेवला आणि पगारातून आयकर भरभक्कम कापला. म्हटलं, हरकत नाही, विवरणपत्र भरू, परतावा मागू. करकपातीची नोंद दाखवणारा २६एएस उघडला तर माझ्या नावापुढे भोपळा. कापलेले सगळे पैसे त्या अनोळखी बंधूच्या खात्यावर जमा. परतावा दूरच, कर भरला नाही म्हणून मलाच मागणीची नोटीस.

बाबूनं शांतपणे पान थुंकलं. ‘गुरुजी, पैसे सरकारलेच गेले ना? तुमच्या नावानं गेले काय अन् त्याच्या नावानं गेले काय, सरकार तं एकच आहे ना बा.’ इतकी शुद्ध राष्ट्रभावना मी पंधरा ऑगस्टच्या भाषणातही ऐकलेली नाही.

आयकरवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले, ज्यानं कापला त्यानंच २४क्यूचं, म्हणजे करकपातीच्या तिमाही विवरणाचं, दुरुस्ती विवरण भरावं, आमच्या हातात काही नाही. बाबू म्हणाला, तिमाही संपली, आता साइट उघडत नाही. साइट खरंच उघडत नव्हती; नेटच नव्हतं.

विवरणपत्राची मुदत ३१ जुलै. ज्यानं ही तारीख ठरवली त्यानं जुलैतली पर्लकोटा नदी पाहिलेली नसावी. पूर आला की आमच्या भामरागडचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो, वीज जाते, टॉवर मान टाकतो. पडताळणीचा ओटीपी येतो तो रेंज असलेल्या टेकडीवर, आणि तिथं चढून जाईपर्यंत त्याचं आयुष्य संपलेलं असतं.

आयकराच्या नकाशात आमचा जिल्हा नेमका कुठं आहे, हे एकदा पाहावं म्हणून मी नियमांचं पुस्तक काढलं. १९६२ च्या आयकर नियमांतला २बीबी सांगत होता की आदिवासी भागातल्या भत्त्यापैकी महिना २०० रुपये करमुक्त. पुढं राज्यांची यादी: मध्य प्रदेश, तामिळनाडू, उत्तर प्रदेश, कर्नाटक, त्रिपुरा, आसाम, पश्चिम बंगाल, बिहार, ओरिसा. यादी तिथंच संपली. महाराष्ट्र नाही. राज्य सरकारनं ६ ऑगस्ट २००२ ला नक्षलग्रस्त भागासाठी मूळ वेतनाच्या १५ टक्के, पण १५०० च्या वर नाही, असा भत्ता दिला. त्यावर केंद्र निमूट कर घेतं. आयकर कायद्याचं कलम १०(२६) ईशान्येतल्या नि लडाखमधल्या आदिवासींचं तिथलं उत्पन्न करमुक्त ठेवत होतं. माझ्या शाळेतला माडिया आदिवासी सहकारी घटनेच्या पाचव्या अनुसूचीच्या भागातला. सूट सहाव्या अनुसूचीपासून सुरू होते. एका आकड्यानं चुकला बिचारा. आमच्याकडे आकड्यांचं काहीतरी वाकडंच आहे.

कायद्याला जंगल दिसतच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. तेंदूपत्ता बरोबर दिसतो. तो विकताना ठेकेदाराकडून ५ टक्के कर आगाऊ वसूल करा आणि पिण्याच्या दारूवर १ टक्का, असं हाच कायदा वर्षानुवर्षं सांगत होता. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात बसून हे वाचताना मला उगाचच ठसका लागला. असो.

चौदा महिने, नऊ अर्ज आणि बाबूच्या मुलीच्या लग्नातल्या एका मिक्सरनंतर दुरुस्ती झाली. परतावा आला, व्याजासकट. आम्ही उशीर केला तर महिना १ टक्का, त्यांनी केला तर अर्धा. आणि त्या अर्ध्यावरही कर लागतो, तो पुढच्या वर्षी दाखवायचा.

तो अनोळखी बंधू मात्र त्याच दिवशी गडचिरोलीतून सुटला. अर्ज नाही, पत्र नाही, मंत्रालयाची वारी नाही. एका विवरणानं कार्यमुक्त. ही बातमी शिक्षकांच्या खोलीत पोहोचली तेव्हा अकरा वर्षं चंद्रपूरची वाट पाहणारे एक गुरुजी माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, ‘तो बाबू बसते कुठं?’