पेटीचे सुभेदार

महाडहून पोलादपूरकडे जाताना हायवेच्या दोन्ही अंगांना डोंगरात शिरणारे फाटे आहेत. कुठल्याही फाट्याला वळा, एखादा माजी सैनिक भेटतोच आणि त्याच्याकडे गावाचं एखादं काम असतंच. कुणी ग्रामसभेत शिस्त राखतो, कुणी पंधरा ऑगस्टला झेंड्याची गाठ बांधतो. आमच्या सुभेदारांकडे पेट्या आहेत.

म्हणजे असं, की गावातलं पोरगं फौजेत निघालं की त्याची पेटी सुभेदार भरतात. आईने आधीच भरून ठेवली असेल तर ती रिकामी करून पुन्हा भरतात. या कामाचे ते पैसे घेत नाहीत, चहा घेतात. आणि चहात साखर कमी असली तर वहिनींना तसं सांगतात.

खरं म्हणजे ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. निघताना मानद नायब सुभेदारपद मिळालं. गावाने ‘मानद’ आणि ‘नायब’ हे दोन्ही शब्द पहिल्याच आठवड्यात गाळून टाकले, आणि सुभेदारांनी या बढतीला हरकत घेतली नाही. बँकेच्या हयातीच्या दाखल्यावर मात्र ते संपूर्ण पद लिहितात. तिथे खोटं चालत नाही.

या मुलखाला फौज नवी नाही. महाड तालुक्यातलं एक आंबवडे तर फौजी आंबवडे म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धाला त्या एका गावातून १११ जण गेले, त्यांतले ६ परतले नाहीत. शेजारच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत मशीनगनच्या मोर्च्यावर एकटे चालून गेले, मोर्चा घेतला आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. मुंबईला जाताना एस.टी. माणगावात शिरली की सुभेदार सीटवरून उठून ताठ उभे राहतात. कंडक्टर नवा असला तर त्याला वाटतं, म्हाताऱ्याला उतरायचंय. तो घंटी मारतो, गाडी थांबते, सुभेदार सलाम ठोकून खाली बसतात आणि मागच्या सीटांवरून शिव्या येतात. सुभेदार मान वळवून एकच शब्द उच्चारतात : ‘सिव्हिल!’ त्यांच्या कोशात याहून जड शिवी नाही.

भरती, ट्रेनिंग, पहिली पोस्टिंग असल्या पेट्या सुभेदार अर्ध्या दिवसात हातावेगळ्या करतात. पण वाडीतल्या एका पोराचं नाव मिशनला लागलं आणि ते सकाळ-संध्याकाळ दाढी करू लागले. मिशन म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाची शांतिसेना. देश दक्षिण सुदान. ९ जुलै २०११ ला जन्माला आलेला देश, आणि निळ्या टोप्यांची ही फौज तिथे त्याच्या जन्मापासून आहे. त्यात आपल्या पलटणी आहेत. पोरगं मराठा लाइट इन्फन्ट्रीतलं. सुट्टीवर आलं होतं ते आईच्या हातचं खायला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुभेदार ओटीवर उभे. ‘जवान, सामान बाहेर काढ. किट लेआउट!’

सतरंजी अंथरली गेली. तिच्यावर सामान ओळीत मांडायचं, डावीकडून लहान ते उजवीकडे मोठं. सुभेदार हातात वेताची छडी घेऊन ओळीवरून फिरतात आणि नापसंत वस्तूला छडीचं टोक लावतात. पोराने प्रोटीन पावडरचा डबा मांडला होता, ब्लूटूथ स्पीकर मांडला होता, दोन पॉवर बँक. छडी तिन्ही ठिकाणी टेकली.

‘वर्दी सरकार देतं, राशन सरकार देतं. आपण काय द्यायचं? आरामाची चीज! ह्यातली आरामाची कुठली?’

‘काका, स्पीकरवर गाणी...’

‘गाणी म्हणायची असतात.’

सुभेदारांच्या या अधिकाराचं मूळ श्रीलंकेत आहे. १९८७ च्या जुलैअखेरीस करार झाला आणि भारताची शांतिसेना समुद्रापलीकडे गेली. सुभेदार तेव्हा नुकते शिपायाचे लान्स नाईक झालेले. पंधरा दिवसांचं काम आहे असं कुणीतरी त्यांना सांगितलं. कुणी, ते आता आठवत नाही; दर वर्षी त्या माणसाचा हुद्दा एकेक पायरी वाढतो, सध्या तो ब्रिगेडियर आहे. सुभेदारांनी पिठ्ठूत पंधरा दिवसांचं सामान भरलं आणि मद्रासहून जहाजात बसले. शांतिसेनेचे शेवटचे जवान परतले ते मार्च १९९० मध्ये. त्या पंधरा दिवसांच्या सामानाचा सूड सुभेदार तेव्हापासून गावातल्या प्रत्येक पेटीवर उगवत आले आहेत. त्यांच्या पिठ्ठूत साबणाची वडी एकच होती. म्हणून आमच्या गावचा जवान कुठेही जावो, अगदी पुण्याजवळ खडकीला बदली होवो, त्याच्या पेटीत अकरा वड्या असतात. सुई-दोरा त्यांनी तेव्हा नेला नव्हता. बटण तुटलं की शेजाऱ्याकडे मागावा लागे आणि तो शेजारी प्रत्येक टाक्याचा हिशेब ठेवत असे. म्हणून आता सुया डझनभर, त्याही तीन आकारांच्या, त्यातली एक गोणपाट शिवायची. ती कशाला, असं विचारलं की सुभेदार दूरवर बघतात. मी पुन्हा विचारत नाही.

पेटी मात्र काळी लोखंडीच पाहिजे. चाकांची बॅग त्यांना मान्य नाही. ‘सामान माणसाच्या मागून फरफटत आलं की माणूस मागे बघत चालतो.’ पेटी महाडच्या बाजारात घ्यायची, रिकाम्या पेटीवर उभं राहून झाकण बसतं का ते बघायचं, मग पेंटरकडून पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. कुलपाविषयी त्यांचा एक सिद्धान्त आहे आणि २०२१ च्या जुलैतल्या महापुराने तो सिद्ध केला असं ते मानतात. त्यांच्या बहिणीच्या महाडातल्या घरात पुरुषभर पाणी होतं. सुभेदारांची जुनी पेटी दोन दिवस त्यात होती. आतल्या पैठणीसकट सगळ्या साड्यांचा लगदा झाला. ‘पण कुलूप?’ सुभेदार विचारतात. ‘जागचं हललं नाही! हॅक्सॉने कापावं लागलं.’ बहीण या गोष्टीच्या वेळी उठून आत जाते.

दुपारी आईची बाजू सुरू झाली. मुलाचं सामान सुभेदारांनी जेवढं कमी केलं होतं, तेवढं तिने स्वयंपाकघरातून भरून काढलं. कुळथाचं पीठ, नाचणीचं पीठ, कडवे वाल, आंबोशी, फणसपोळी, तांदळाचे पापड, वर्षाचा मसाला आणि सुकट. सुकटीचा पुडा सतरंजीवर आला आणि सुभेदार सावधान झाले.

‘वहिनी, हे नाही जाणार.’

‘का वो भावजी? पोरगं काय तिथं नुस्ता भात खानार?’

‘विमान आहे ते. एस.टी. नव्हे. खिडकी उघडत नाही.’

सुभेदारीणबाई तेवढ्यात काहीतरी निमित्त काढून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही लंकेला गेला तेव्हा बोंबील कुणी बांधून दिले होते?’ सुभेदारांनी छडी पाठीमागे घेतली. वास अडवायचा तर काय करावं यावर मग ओटीवर तासभर खल झाला. शेवटी ठरलं : सुकटीऐवजी जवळा, तोही भाजून, लसूण-खोबरं घालून, चटणी करून, ती डब्यात, डबा पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि ते सगळं लोकरी मोज्यांच्या मध्ये. मोजे वास शोषून घेतील, हा विचार बरोबर होता. तो शोषलेला वास पुढे मोज्यांचाच होईल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

कोकमाच्या बाबतीत सुभेदार स्वतःच हट्टाला पेटले. याला कारण थोडं मी झालो. पहिल्या महायुद्धात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या, हे त्यांना माहीत होतं. जवळजवळ पाच महिने वेढा चालला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. तिथे खायला घोड्याचं मांस उरलं, आपल्या शिपायांनी बराच काळ त्याला हात लावला नाही, भाजीपाला नव्हताच, आणि हिरड्या सुजण्याचा रोग हिंदी पलटणींत पसरला, हे मी त्यांना सांगून बसलो. सुभेदार बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘आगळ पाहिजे होतं.’ महाड-पोलादपुरातून बारा बाटल्या आगळ वेळेवर गेलं असतं तर कुत पडलं नसतं, या मतावर ते तेव्हापासून ठाम आहेत.

आता आगळ भरायचं कशात? सुभेदारांच्या घरी एकाच प्रकारच्या बाटल्या असतात. कँटीनच्या कोट्यातल्या रमच्या. गावात फिनेल, रॉकेल, एरंडेल, मध, सगळं त्यांच्याच बाटल्यांत असतं आणि परका पाहुणा ताकसुद्धा वास घेऊन पितो. एका बाटलीत आगळ भरलं, बुचावर मेण ओतलं, ती पेटीत आडवी नव्हे, उभी बसवली. लेबल काढायचं राहिलं. की राहू दिलं, देव जाणे.

मसाल्याची गोष्ट निघाली तेव्हा मला पुन्हा राहवलं नाही. १९१४ च्या नाताळात इंग्लंडच्या राजकन्या मेरीच्या नावाने आघाडीवरच्या प्रत्येकाला पितळी डबी वाटली गेली. गोऱ्यांच्या डबीत तंबाखू; हिंदी शिपायांपैकी बहुतेकांसाठी मात्र वेगळा विचार करून खडीसाखर आणि मसाल्याची लहान डबी घातली होती. खंदकात बसलेल्या माणसाला काय लागतं हे एवढ्या दूरच्या राजवाड्यात कुणाला तरी सुचलं, याचं मला कौतुक वाटतं. सुभेदारांना वाटलं नाही.

‘मसाला कुठला होता?’

‘ते लिहिलेलं नाही.’

‘इंग्रजाचा मसाला! लवंग-दालचिनी घातली असेल, झालं.’ आणि त्यांनी वहिनींकडून मसाल्याचा दुसरा पुडा मागून घेतला.

वजन करायला पेटी भातगिरणीच्या काट्यावर नेली. गिरणीवाल्याने सवयीने विचारलं, ‘भात का तांदूळ?’ काटा बघून सुभेदारांचा चेहरा उतरला. पलटणीने दिलेल्या मर्यादेच्या किती वर होता ते मी लिहीत नाही. सुभेदारांनी तो आकडा कुणाला सांगायचा नाही असा हुकूम दिला आहे. तिथेच गिरणीच्या कोंड्यात बसून पेटी उघडली. वाल गेले. नाचणी गेली. प्रोटीनचा डबा, जो पोराने गुपचूप तळाशी सरकवला होता, तो गेला. त्याच्याखाली आजीची गोधडी निघाली. नऊवारीच्या तुकड्यांची, धुऊन धुऊन पांढरी पडलेली, चांगली जड. ती कुणी ठेवली हे कुणी बोललं नाही. आजी घरी होती आणि तिला पेटीचं झाकण उचलत नाही. पोरगं गिरणीच्या पट्ट्याकडे बघायला लागलं. चोवीस वर्षांचा मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान, संगीन लावून धावणारा, कानापर्यंत लाल.

सुभेदारांनी छडी गोधडीला लावली, उचलली. मग फणसपोळीला लावली. ‘ही काढ. मुंग्या लागतात.’ गोधडी राहिली. अकरा साबणही राहिले. त्यांना छडी लागलीच नाही.

निघायच्या दिवशी वीर स्टेशनवर अर्धी वाडी होती. आजीने विरेश्वराचा अंगारा लावला, उरलेला कागदाच्या पुडीत बांधून खिशात घातला. पीतज्वराच्या लशीचा दाखला आणि अंगारा एकाच खिशात गेले, आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. सुभेदारांनी पेटीचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं. दिवा पॅसेंजर हलली तेव्हा त्यांनी सलाम केला. पोराला की पेटीला, सांगणं कठीण.

पंधरवड्याने मलाकलहून पहिला व्हिडिओ कॉल आला. तिकडचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे, त्यामुळे इकडे जेवणं उरकली होती आणि तिकडे ऊन होतं. आईने चेहरा पाहिला, आजीने पडद्यावर हात फिरवून कॉल दोनदा बंद केला, मग फोन सुभेदारांकडे आला.

‘पेटी दाखव.’

पोराने फोन फिरवला. पत्र्याची तयार खोली, भिंतीला एसी, खाटेवर गोधडीची घडी. बाहेर पांढऱ्या नाईलच्या बाजूला काळा चिखल. ‘काका, आपल्या पावसाला आपण उगाच नावं ठेवतो,’ तो म्हणाला. पेटी खाटेखाली नव्हती, मध्यात होती आणि तिच्यावर पत्ते पडले होते.

‘कुलूप?’

‘लावत नाही, काका. जवळ्यासाठी सारखी उघडावी लागते. अख्खं सेक्शन येतं. पंजाबी पलटणीचा एक हवालदारही येतो.’

‘आणि आगळ?’

‘ते पहिल्याच रात्री दोघांनी चोरून प्यायलं. लेबल बघून. पाणी न घालता.’

सुभेदारांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी ते खोकल्यात घातलं.

‘साबण किती उरले?’

‘अकराच्या अकरा. इथे मिळतो ना. परतताना वजन होईल, वाटून टाकू का?’

‘हात लावू नको.’

‘अहो, पण वर्षाचंच काम आहे. परतीची तारीखसुद्धा ठरलीय.’

‘आमचीही ठरली होती,’ सुभेदार म्हणाले आणि फोन आजीकडे दिला.