खड्डेप्रधान शहरात ई-सायकल कशी निवडावी

ई-सायकल घेण्याआधी रस्ता निवडावा, असं शास्त्र सांगतं. पुण्यात मात्र रस्त्यावर पहिला हक्क पाण्याच्या पाइपांचा, दुसरा केबलवाल्यांचा. आपल्या हाती फक्त सायकल निवडणं उरतं. तेव्हा आधी घर ते ऑफिस अशी पायी पाहणी करावी. खड्ड्यांची वर्गवारी करावी: पावसाळी, उत्सवी (मांडवाच्या खांबांचे) आणि वडिलोपार्जित. खचलेल्या चेंबरांसाठी वेगळी वही ठेवावी. पेव्हर ब्लॉकचा रस्ता मोजणीत धरू नये. त्यात एक खड्डा कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे ठरवता येत नाही.

गतिरोधकांचं प्रकरण त्याहून रम्य. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा, म्हणजे ताशी 25 किलोमीटर वेगानं तो सुखरूप ओलांडता येतो. इकडे परवाना आणि नोंदणी नको असेल, तर ई-सायकलचा वेगही ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि मोटर पाव किलोवॉटच्या आत लागते. पत्रिका जुळते ती अशी! पण तुमच्या गल्लीतला गतिरोधक ज्यानं रचला, त्यानं हा कागद पाहिलेला नसतो.

आता दुकानात शिरावं. विक्रेता बॅटरी, अ‍ॅप, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर हे सांगत राहील. मान डोलवावी, नजर टायरवर ठेवावी. बेलफास्टच्या खडबडीत रस्त्यांवर पोराची तीनचाकी खडखडते म्हणून जॉन बॉइड डनलॉपनं चाकांवर हवेच्या नळ्या बसवल्या आणि 1888 मध्ये पेटंट घेतलं. सुखाची गुरुकिल्ली आजही हवाच आहे. टायर निदान दोन इंच रुंद असावा, सव्वादोन-अडीच मिळाला तर दुकानदाराला चहा पाजावा. चार इंची टायर आणखी मऊ, पण बॅटरी संपली की सायकल नव्हे, रोडरोलर ढकलतोय असं वाटतं. टायरवर छापलेला हवेचा आकडा ही मर्यादा असते, लक्ष्य नव्हे. पंक्चरवाले काका टाइट भरण्यात पुण्य मानतात, त्यांना हात जोडून थांबवावं. फार कमी भरली, तर खड्ड्याच्या कडेला ट्यूब रिमखाली चेचली जाते आणि काकांची पुन्हा भेट होते.

पुढचा ब्रेक दाबून हँडलवर भार द्यावा. शॉकअप दबून सावकाश वर आला तर उत्तम. टणकन उसळला तर ती नुसती स्प्रिंग आहे. स्वस्त सायकलीचा मागचा शॉकअप म्हणजे वजन आणि कुरकुर. त्यापेक्षा सीटखाली शॉकअपची दांडी बसवून घ्यावी. मोटर मागच्या चाकात असेल, तर तिचं सगळं वजन थेट खड्ड्यात आदळतं, म्हणून स्पोक जाड आहेत ना, हे पाहावं. आणि हो, लिफ्ट नसलेल्यांनी सायकल एकदा उचलून बघावी. वीस-पंचवीस किलो भरते.

ट्रायल शोरूमच्या फरशीवर घेऊ नये. वहीतल्या सगळ्यात वाईट गल्लीतून घ्यावी. पैसे कमी पडले, तर अ‍ॅप सोडावं, टायर सोडू नये. आणि त्या गल्लीत सायकल न्यायला विक्रेता नाही म्हणाला, तर दुसरं दुकान बघावं.