शिळी लाईट

वैरागात लाईट जाण्याचं कुणाला काही वाटत नाही. माणसं पंख्याकडे बघतात, "गेली" म्हणतात आणि ओट्यावर येऊन बसतात. खरी धांदल उडते ती लाईट आल्यावर. फ्रिज घुरघुरतो, टीव्ही बोलू लागतो, गिरणीचा पट्टा फिरतो, आणि एखाद्या घरात कॉम्प्युटरचं बटण कितीही दाबलं तरी आत काही हलत नाही. मग त्या घरचं पोरगं वाइंडिंगवाल्या आबांकडे पिटाळलं जातं.

आबा मूळचे मोटारवाले. बार्शी–सोलापूर रस्त्याच्या कडेला त्यांचं पत्र्याचं दुकान. सासुरे, सुर्डी, मुंगशी, इर्ले, आसपासच्या कुठल्याही गावची जळकी मोटार शेवटी त्यांच्याच दारात येऊन पडायची. 2001 साली एमकेसीएल निघालं, पाठोपाठ एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर कोर्सचं वारं गावात शिरलं, नोकरदारांच्या घरात असेंबल्ड कॉम्प्युटर आले आणि लोडशेडिंगच्या तडाख्यात एकेक करून बसू लागले. पावसाळ्यात मोटारींचं काम थंडावतं. अशाच एका रिकाम्या दुपारी आबांनी कुणाच्या तरी कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि आत त्यांना ओळखीचा कंडेन्सर दिसला. "आवं, हितं बी ह्योच हाय की," एवढं म्हणाले, आणि त्यांचं संगणक शिक्षण पूर्ण झालं.

आबा आले की कॉम्प्युटरकडे बघतसुद्धा नाहीत. आधी खुर्ची, मग पाणी, मग जबाब.

"कितीला गेल्ती?"

"साडेअकराला."

"एकदम गेली का डुगडुगत?"

"डुगडुगत."

"येताना?"

इथे घरातली माणसं एकमेकांकडे बघतात. लाईट कशी आली हे कोण बघून ठेवतं? आबा मात्र याच उत्तरासाठी अडून बसतात. "सरळ आली, का एकदा येऊन परत गेली आन मग आली? सर, तुमच्यासारख्या शिकल्याल्या माणसाला येवढं ठावं पायजे."

त्यांची चौकशी विनोदी वाटली तरी खोटी नसते. जाणारी लाईट फार तर काम अर्धवट तोडते, मारते ती येणारी. आख्ख्या फीडरवरचे पंखे, फ्रिज, मोटारी एकदम ओढ घेतात, दाब खाली बसतो, वर उसळतो, आणि डीपीवरचा, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल सुटला असेल तर 230 व्होल्टच्या जागी एखाद्या घरात चारशेच्या आसपास जातात. म्हणून आबांचा पहिला नियम असा की लाईट गेली की पिन काढायची, आल्यावर चहा प्यायचा, कप विसळायचा आणि मगच पिन घालायची. आमच्या गल्लीत हा नियम सगळ्यांना पाठ आहे. पाळत कुणी नाही, नाहीतर आबांना चहा कुठला मिळाला असता?

जबाब संपला की ते मागची वायर उपसतात आणि पुढचं बटण अंगठ्याने दाबून धरतात. डोळे मिटलेले. अर्धा मिनिट घरात कुणी बोलायचं नाही.

"काय करताय आबा?"

"आतली शिळी लाईट काढायलोय."

झटका बसला की कॉम्प्युटरला वीज पुरवणारा एसएमपीएस स्वतःला कुलूप घालून घेतो आणि आतल्या कंडेन्सरात थोडा चार्ज साठून राहतो, तो निचरल्याशिवाय कुलूप निघत नाही. पुस्तकी भाषेत एवढंच. शिळी लाईट निघाली की ताजी भरायची. बऱ्याचदा खरोखर पंखा फिरतो, स्क्रीन उजळते, आणि आबा "आता कोरा चहा" असं वीज कंपनीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगतात.

नाही फिरला तर खरे आबा दिसतात. पिशवीतून पेचकस निघतो, डब्याचं झाकण निघतं, आत तुरीच्या मळणीचा भुसा, कोळिष्टकं आणि एकदा तर वाळलेली पाल. आबा वाकून वास घेतात. जळक्या वार्निशचा वास ओळखण्यात उभा जन्म गेलेला, त्यामुळे नाकावर त्यांचा मीटरपेक्षा जास्त भरवसा. मग आवाज येतो, "वैनी, केसाचा आकडा द्या."

पहिल्यांदा आमच्या सौभाग्यवती दारातच थबकल्या. आकडा म्हटलं की आमच्या भागात लोकांना तारेवर टाकायचा आकडाच आधी आठवतो. आबांनी केसातला आकडा घेतला, त्याचा यू केला, एसएमपीएसचा जाड कनेक्टर हातात धरून हिरव्या आणि काळ्या वायरीच्या भोकांत दोन टोकं घातली आणि सप्लाय चालू केला. पंखा फिरला तर एसएमपीएस जिवंत, दुखणं बोर्डाकडे. नाही फिरला तर इथेच निकाल. ही तपासणी जगात सगळीकडे अशीच करतात, फक्त लोक तिथे पेपरक्लिप वापरतात. आबांना पेपरक्लिप मंजूर नाही. "तिला ताठरपना नसतो."

"पण आबा, काल रात्रीपर्यंत तर चालू होता!"

"चालू हुता म्हनूनच चालू हुता." आबा फुगलेल्या कंडेन्सरच्या टोपीवर नख वाजवतात. "म्हातारं मानूस हिंडतंय तवर हिंडतंय. एकदा खाली बसलं की उठवंना." याहून नेमकं निदान मी इंजिनिअरांकडूनही ऐकलेलं नाही. जुना कंडेन्सर गरम असेतो रेटून नेतो. लाईट जाऊन तो गार पडला की चालू होण्यापुरता जोर त्याच्यात उरत नाही. दोष महिनोन्‌महिने आत बसलेला असतो, आळ येतो लाईटवर.

मधूनच यंत्र सुरू होतं आणि तारीख 1 जानेवारी 2002 दाखवतं. बोर्डावरचा रुपयाएवढा सीआर 2032 सेल संपलेला असतो. आबा घरच्यांना समजावतात, "ह्येला वाटतंय अजून लोडशेडिंग चालू हाय."

पुढचं प्रकरण अर्थिंगचं. डब्याला हात लावला की चिमटा बसतो अशी तक्रार निम्म्या घरांत असते. आबा टेस्टर लावतात, टेस्टर लाल होतो, आबांचा चेहराही. तिसरी पिन आहे, तिच्यामागे वायर नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून झिरपणारी वीज जमिनीत जायला वाट नसल्याने डब्याच्या पत्र्यावर थांबते आणि हात लावणाऱ्याला भेटते. त्यावर आबांचा उपाय म्हणजे अंगणात खड्डा, तांब्याची पट्टी, कोळसा आणि खडे मीठ. आमच्याकडे हा कार्यक्रम चालला असताना शेजारच्या काकूंनी कुंपणावरून हळूच विचारलं, "कुनाची नजर लागली वो?" आबा म्हणाले, "डीपीची."

त्यांना एकच माणूस सहन होत नाही, तो म्हणजे बाजारातला कॉम्प्युटरवाला पोरगा. एसी दुकान, फिरती खुर्ची. मशीन समोर ठेवलं की न उघडता तो सांगतो, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागंल." आबांच्या मते हा म्हणजे मोटार जळली की विहीर बुजवायला सांगणारा माणूस. पण हार्ड डिस्कचं दुखणं असलं की आबाही पेचकसाची मूठ कानाला आणि टोक डिस्कला लावून ऐकतात, टक टक ऐकू आलं की गुपचूप झाकण लावतात आणि म्हणतात, "पुन्याला न्या. आन तवर चालू करू नका." आपला हात कुठे थांबवायचा हे त्यांना कळतं. त्या पोराला अजून ते कळायचं आहे.

निदान लवकर संपलं तर देशाच्या ग्रिडचा विषय निघतो. रायचूर–सोलापूर ही 765 केव्हीची लाईन 31 डिसेंबर 2013 ला जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकीच्या देशाला मिळालं, हे आबा स्वतः खांबावर चढून आल्यासारखं सांगतात. "मद्रासची लाईट आपल्या जिल्ह्यातनं जाती सर! आन आपल्या गल्लीचा डिओ फ्यूज चिमनी बसली तरी पडतोय." जुलै 2012 मध्ये लागोपाठ दोन दिवस ग्रिड कोसळून दिल्लीसकट उत्तर भारत अंधारात गेला, त्याचाही त्यांना अभिमान आहे. "त्या दिवशी आपल्याकडं बी नव्हती. पन आपली गेल्ती ती आपली स्वताची."

गेल्या दिवाळीत लेकीने लॅपटॉप आणला. भर संध्याकाळी लाईट गेली, तासाभराने झटके खात आली, परत गेली, परत आली. लॅपटॉपवर ती काम करतच राहिली. नऊच्या सुमारास आबा स्वतःहून दारात. कुणी बोलावलं नव्हतं.

"आज लई वंगाळ आल्ती. काय बसलं का न्हाई?"

"नाही आबा. ह्याला बॅटरी असते, लाईट गेलेली त्याला कळतच नाही."

आबांनी लॅपटॉपकडे पाहिलं. बटण दाबून धरायला डबा नाही, कनेक्टर नाही, झाकणाला स्क्रू दिसत नाही. चष्मा पुसून त्यांनी वायरीचा माग काढला, टेबलाखाली वाकले आणि चार्जरची काळी वीट हातात घेऊन वर आले. गरम होती. त्यांनी ती नाकाशी नेली.

"ह्यात बी एसएमपीएसच हाय!" आबांचा चेहरा खुलला. "उघडू का? पाच मिन्टं लागत्याल."

लेकीने चार्जर काढून घेतला आणि आईला हाक मारली, "आई, आबांना चहा ठेव. कोरा."