‘हिडन जेम’वाल्या महाराजांस अनावृत पत्र

प्रति,
रीलसम्राट, ड्रोनधारी, भटकंतीभूषण, लाखो फॉलोअर्सचे पोशिंदे श्रीमंत महाराज यांच्या सेवेशी,

कृ. सा. न. वि. वि.

आपलं नाव मी घेत नाही. एकतर आपल्याला नाव नसतं, हँडल असतं. शिवाय आपण एक नाही. उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपले अवतार इतके प्रकटतात की कुणा एकाला हार घातला तर बाकीचे रुसायचे. तेव्हा ज्याला तो आपल्या गळ्यात बसतोय असं वाटेल, त्यानं घालून घ्यावा.

पहिले आभार आमचे कष्ट वाचवल्याबद्दल. गाडीच्या डिकीत तंबू, शेगडी आणि शिधा टाकून मे महिन्यात सह्याद्रीत जायचं, तेही पाण्यातून चालायला मिळेल अशा ठिकाणी, म्हणजे पूर्वी मोठा उपद्व्याप होता. धबधबे आटलेले, ओढ्यांत नुसते गोटे. मग गावातल्या ओळखीच्या घरी फोन लावायचा: डोहात पाणी आहे का, गुडघ्याएवढं की कमरेएवढं, गाडी कुठवर येते, रात्री अंगणात तंबू टाकला तर चालेल का. आपण या सगळ्यातून आमची सुटका केलीत. आता फोन करावाच लागत नाही. थेट जायचं, अर्धी मुंबई आणि पाऊण पुणं तिथे आधीच पोचलेलं असतं, त्यांनाच विचारायचं.

सांधण दरीचा आपला रील मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. साम्रद गावामागची ती अरुंद नाळ, दोन्ही बाजूंना सरळसोट उठलेले काळे कातळ, तळाशी गार पाणी आणि त्या पाण्यात पाठमोरे आपण एकटे. वर अक्षरं: ‘इथे कुणीच येत नाही’. आपल्या चिकाटीला माझा मुजरा! ही चौकट मिळवण्यासाठी मधल्या वारी पहाटे उजाडायच्या आत किती जणांना ‘जरा बाजूला व्हा’ म्हणून ओरडावं लागलं असेल, आणि राहिलेल्यांना नंतर कापावं लागलं असेल, याची मला कल्पना आहे.

त्याच रीलमधून मला कळलं, की सांधण ही आशियातली दुसऱ्या क्रमांकाची दरी आहे. हे ज्ञान सगळीकडे वाटलं जातं, पण पहिली दरी कोणती हे सांगायला कुणीच तयार नसतं. आपण मात्र जरूर शोधून काढा. तिथेही कुणीच जात नसेल.

आपल्या कृपेने शनिवारी सकाळी त्या ‘कुणीच येत नाही’ दरीत उतरताना ठाणे स्टेशनच्या पुलाची आठवण येते. पहिल्या डोहाशी रांग, रांगेत छत्रीएवढाले सनग्लासेस, एकच बूट काढून दुसऱ्याचं काय करावं या विचारात अडकलेले काका, आणि कातळावर टेकवलेला स्पीकर. दरीत आवाज घुमतो म्हणून आम्ही तिथे कुजबुजत बोलायचो. आवाज घुमतो म्हणूनच स्पीकर आणायचा, हे काही आम्हाला सुचलं नव्हतं.

अंब्रेला फॉलबद्दलही आपले ऋण मानायला हवेत. भंडारदऱ्याच्या विल्सन धरणातून आवर्तन सोडलं की तो छत्रीसारखा उलगडतो. सोडलं नाही तर तिथे फक्त खडक असतो. आपण पावसाळ्यातली चित्रफीत मे महिन्यात टाकून हा क्षुल्लक तपशील गाळलात. म्हणून तर घोटीवरून घाट चढून आलेली कुटुंबं धरणाच्या रखवालदाराला विचारतात, “धबधबा किती वाजता चालू करता?” त्या बिचाऱ्याला सांगावं लागतं, की तो प्रवरेच्या खालच्या शेतीच्या पाण्याचा हिशेब आहे, आपल्या सुट्टीचा नाही.

आता जरा तंबूकडे वळतो. आपण आपल्या भक्तांना सांगितलंत, ‘जागा सपाट बघा, मोकळी बघा, झाला कॅम्प’. एवढा सोपा मंत्र कुणी दिला नव्हता. पण महाराज, डोंगरात सपाट आणि मोकळं काही फुकट पडलेलं नसतं. ते कुणाचं तरी खाचर असतं. उन्हाळ्यात तिथला शेतकरी पालापाचोळा, काटक्या, शेण पसरून राब भाजतो आणि पावसाच्या तोंडावर त्या काळ्या भुसभुशीत मातीत भाताचं बी टाकतो. याच तुकड्यावरच्या रोपांवर त्याची पुढची सगळी लावणी अवलंबून. आपल्या भक्तांना मात्र तो काळा चौकोन म्हणजे आधीच्या मंडळींनी सोय करून ठेवलेली शेकोटीची जागा वाटते. ते त्यावर तंबू ठोकतात, खुंट्या मारतात आणि रात्री नाचतात. पेरलेल्या बियाण्यावर इतकं प्रेमाने कुणी नाचलं नसेल. सकाळी म्हातारा येऊन नुसता उभा राहतो, तर त्याच्यासोबत सेल्फी: ‘साधी माणसं’.

काजव्यांनी मला खास निरोप दिला आहे. मेच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या सरींपर्यंत घाटघर, रतनवाडी, उडदावणे या भागातल्या हिरडा, बेहडा, जांभळाच्या झाडांवर ते लुकलुकतात. नर प्रकाशाची खूण करतो, मादी उत्तर देते, जोडी जमते आणि ओलसर मातीत अंडी पडतात. सगळं आयुष्य अळी म्हणून काढल्यावर प्रौढपणाचे हे थोडेच दिवस त्यांना मिळतात. आपण त्यांच्या या संसारात केवढी मोलाची भर घातलीत! आता त्या झाडांखाली गाड्यांचे हेडलाइट असतात, मोबाइलचे टॉर्च असतात, आणि ‘जरा फ्लॅश मार रे, दिसत नाहीयेत’ असा कोरस असतो. एवढ्या झगमगाटात मादीनं नेमकं कुणाच्या खुणेला उत्तर द्यायचं? बहुधा एखाद्या एसयूव्हीच्या इंडिकेटरला.

हे सगळं 1986 साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात घडतं, हे आपल्या रीलमध्ये येत नाही. अभयारण्यात शेकोटी चालत नाही, परवानगीशिवाय ड्रोनही चालत नाही. पण तीस सेकंदांत कायकाय बसवणार, नाही का? नाक्यावर वनखात्याची पावती फाडायला सांगणारा गावातला पोरगा आपल्या भक्तांना ‘लुटारू’ वाटतो. तंबू, बार्बेक्यू आणि लाइव्ह म्युझिकच्या पॅकेजसाठी आपल्या कूपन कोडवर मोजलेले हजार-दीड हजार मात्र ‘वर्थ’ असतात.

गावकऱ्यांच्या वतीनेही दोन शब्द. घाटघरला नगरची चेरापुंजी म्हणतात. पावसाळ्यात तिथे आभाळच फाटतं, आणि त्याच पट्ट्यातल्या बायका एप्रिल-मेत हंडे घेऊन झऱ्याकाठी बसतात, कारण पडलेलं पाणी कातळावरून वाहून धरणात गेलेलं असतं. अशा दिवसांत आपले भक्त झऱ्याशी शाम्पू करतात, मॅगीचं पातेलं विसळतात, निघताना दोन कॅनही भरून घेतात. गावाला एवढी पाहुणचाराची संधी दुसरं कोण देणार?

एक गोष्ट मात्र आर्जवाने विचारतो, इथे थट्टा बाजूला. मेच्या शेवटी दुपारून वळीव येतो. रतनगडाच्या बाजूला ढग भरून आले, की सांधणसारख्या नाळेत पाय ठेवायचा नसतो. खाली ऊन असलं तरी वर पडलेलं पाणी एकदम उतरतं आणि दोन भिंतींमध्ये पळायला बाजू नसते. हे साम्रदच्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आपल्याला ठाऊक नाही असं मी म्हणणार नाही. मग रीलमध्ये ते का नाही? 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यानंतर पुणे जिल्ह्यात जमावबंदीचे हुकूम निघाले. त्या हुकमांच्या बातमीवरही आपल्यापैकी काहींनी रील केले: ‘भुशी बंद? काळजी नको, हे पाच पर्याय सेव्ह करा’.

तेव्हा महाराज, विनंती एवढीच. पुढच्या उन्हाळ्यात मला गाडी काढायची आहे. जागा हेरून ठेवली आहे: लहानसा डोह, मेमध्येही मांडीभर पाणी, वर जांभळाची सावली. कुठे ते विचारू नये. उलट आपणच त्या दिशेला तोंड करून एक रील करावा, की तिकडे काही नाही, नेटवर्क नाही, चहा नाही, पार्किंग नाही, फोटोही धड येत नाहीत. पण नको. आपण ‘इथे अजिबात जाऊ नका’ म्हणालात, तर दुप्पट लोक येतील. आपण कोल्हापूरकडे असावं, किंवा घरी. घरीच बरं.

कळावे, लोभ आहेच. तो जरा आवरावा.

आपला चिरऋणी,
एक सामान्य भटक्या

ता. क. : सोबत एक पोतं पाठवत आहे. त्यात रिकाम्या बाटल्या, ओले मोजे, डिस्पोजेबल बार्बेक्यूची जाळी, एक सेल्फी स्टिक आणि दरीतल्या कातळावरून नखाने खरवडून काढलेलं आपल्या हँडलचं स्टिकर आहे. कृपया अनबॉक्सिंगचा रील करावा. हे कोलॅब फुकट आहे.