समस्त मातृभक्त भाच्यांस

चिरंजीव भाच्यांनो,

नाव कुणाचंच घेत नाही. ज्याचं त्याला कळेल. पत्रास कारण की, ताईचा फ्लॅट तुमच्या नावावर झाल्याचे पेढे पोचले. आईनं राहतं घर मुलाला बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये. त्यापेक्षा पेढे महाग पडले असणार.

निबंधक कार्यालयातली तुमची धावपळ मी डोळे भरून पाहिली. पक्षाघातानंतर ताईची जीभ जड झाली आहे, डोकं नाही. शब्द सापडायला तिला वेळ लागतो, एवढंच. साहेबांनी विचारलं, "आजी, स्वखुशीनं देताय ना?" तिनं तोंड उघडायच्या आत तुमचं "हो हो साहेब" झालंसुद्धा. यंत्रावर अंगठा उमटेना, तर तुम्ही तो तिच्याच पदरानं पुसलात आणि दाबून धरलात. औषधाच्या वेळेला एवढी तत्परता कधी दिसली नव्हती.

तुमच्या वाचनात आलं नसेल म्हणून सांगते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत. मेंदूच्या आजारानं कायमची गेलेली वाचाही त्यात येते. त्याचं कलम 13 म्हणतं की मालमत्तेचा हक्क अशा माणसाचा स्वतःचाच. मदतनीस असू शकतो, पण त्यानं दडपण आणायचं नाही. आणि एखाद्या व्यवहारात त्याचाच स्वार्थ गुंतला असेल तर तेवढ्या व्यवहारापुरतं बाजूला व्हायचं. म्हणजे "हो हो साहेब" म्हणायला सगळं गाव चालेल, फ्लॅट घेणारा सोडून. काय हा खवचट कायदा!

कागदात मात्र तुम्ही हुशारी केलीत. "प्रेमापोटी देत आहे" लिहिलंत आणि सांभाळण्याचं अवाक्षर नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम 23 प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर मुलानं न सांभाळल्यास परत मागता येतं. ती अट दिसली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2022 मध्ये म्हटलं, तेव्हा तुम्ही निर्धास्त झाला असाल. पण जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईला त्याच न्यायालयानं घर परत मिळवून दिलं. मुलानं सांभाळण्याचं वचनपत्र वेगळं लिहून दिलं होतं, आणि न्यायालयानं कायद्याकडे म्हाताऱ्यांच्या बाजूनं पाहिलं. तेव्हा "आई, तुला कध्धी अंतर देणार नाही" हे ताईच्या फोनवर पाठवलेले मेसेज आता पुसून उपयोग नाही. माझ्याकडे आहेत.

तरी कायदा तुमच्यावर मायाच करतो, हे कबूल केलं पाहिजे. पोटगीची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये. ती काढण्याचं विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. आईला वाऱ्यावर सोडलंत तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडावर भागलं तर रात्रंदिवस बाई ठेवण्यापेक्षा स्वस्त! फक्त "हिचं आणि आईचं पटत नाही" ही सबब तिथे चालायची नाही. जबाबदार अपत्यांच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातवंडं आहेत. सुनेचं नावच नाही.

असो. ताईनं अधिकार दिलाय, म्हणून तिचा अर्ज मी प्रांत कार्यालयात दिला. नोटीस लागल्यापासून 90 दिवसांत पोटगीचा निकाल लावायचा असतो. लागला नाही तर मी तिथे डबा घेऊन बसणार आहे. वकिलाचा खर्च करू नका, कलम 17 तिथे वकिलाला मनाई करतं, काही उच्च न्यायालयांनी ती मनाई मोडीत काढली असली तरी. साहेबांपुढे तुम्हाला स्वतःच बोलायचंय, आणि या खेपेला फक्त स्वतःपुरतं.

तुमची,
मावशी